‘पाळी जायच्या आधीच पिशवी काढा’ या मेसेजला उत्तर

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या महिला ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. घोडबंदर रोडच्या टॉवरपासून कळव्याच्या चाळींपर्यंत सगळीकडे तो पोचलाय. त्याचं सांगणं थोडक्यात असं: चाळिशी उलटली आणि एंडोमेट्रिओसिस असेल तर पाळी जायची वाट बघू नका, पिशवी म्हणजे गर्भाशय काढा, आजार मुळासकट जातो. सोबत ओव्हरी, म्हणजे अंडाशयही काढून घ्या म्हणजे कॅन्सरची भीती मिटते. नंतर हार्मोनच्या गोळ्यांना हात लावू नका. ऑपरेशन दुर्बिणीतून होतं, दोन दिवसांत घरी. आणि मेडिक्लेम चालू आहे तोवर उरकून टाका.

मला स्वतःला एंडोमेट्रिओसिस आहे. वय ४७, पाळी कधी पंधरा दिवसांत येते, कधी दोन महिने फिरकत नाही. मी डॉक्टर नाही, पण डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे पक्कं समजलंय ते लिहितेय. पाचपाखाडीतली माझी एक मैत्रीण केवळ या मेसेजवर विसंबून ऑपरेशनची तारीख घ्यायला निघाली आहे, आणि मला तिची काळजी वाटते. ऑपरेशन करूच नये असं मी म्हणत नाही. काहीजणींसाठी तेच योग्य असतं. पण मेसेजमधली कारणं चुकीची आहेत, आणि चुकीच्या कारणासाठी ऑपरेशन केलं तर पिशवी जाते आणि दुखणं राहू शकतं.

‘पिशवी काढली की आजार मुळासकट जातो.’

एंडोमेट्रिओसिस हा आजारच मुळी पिशवीच्या बाहेरचा. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर ओव्हरीवर, ओटीपोटाच्या पडद्यावर, आतड्यावर, लघवीच्या पिशवीवर, कधी किडनीतून लघवी खाली आणणाऱ्या मूत्रनलिकेवर वाढतो. ओव्हरीत तो साठला की चॉकलेट सिस्ट होते. गर्भाशय काढलं आणि आतड्यावरची गाठ तशीच ठेवली, तर शौचाच्या वेळी होणारी कळ कुठे जाणार? युरोपातल्या तज्ज्ञांच्या संस्थेने, एश्रेने, २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत हेच आहे: मूल नको असेल आणि बाकीचे उपचार लागू पडले नसतील तर गर्भाशय काढण्याचा विचार करता येतो, त्याच वेळी दिसणारा सगळा एंडोमेट्रिओसिस काढावा, आणि याने आजार किंवा त्रास पूर्ण जाईलच असं नाही हे बाईला आधी सांगावं.

मग ‘माझ्या जावेचं दुखणं पिशवी काढल्यावर कायमचं गेलं’ असं सांगणाऱ्या खोटं बोलतात का? अजिबात नाही. चाळिशीत अंगावरून खूप जाणं आणि ओटीपोटात दुखणं याचं एक मोठं कारण अॅडेनोमायोसिस असतं. त्यात तसाच थर गर्भाशयाच्या स्नायूतच शिरलेला असतो, आणि गर्भाशय काढल्यावर तो खरोखरच जातो. हे दोन्ही आजार एकाच बाईला असू शकतात, घरीदारी बोलताना एकाच नावाने ओळखलेही जातात. म्हणून जावेला काय झालं होतं, हे तिच्या बायोप्सीच्या रिपोर्टवरून कळेल, तिला आलेल्या आरामावरून नाही. आपला त्रास नेमका कुठून येतो हे सराव असलेल्या रेडिओलॉजिस्टने केलेली आतून सोनोग्राफी आणि गरज पडली तर एमआरआय यांतून बरंचसं समजतं. तारीख घेण्याआधी निदान एवढं झालेलं असावं.

‘सोबत ओव्हरीही काढून घ्या.’

इथे मेसेजला थोडा आधार आहे, म्हणूनच तो जास्त फसवतो. या आजाराला इस्ट्रोजेनचं खाद्य लागतं, आणि ते मुख्यतः ओव्हरी बनवते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये एंडोमेट्रिओसिससाठी गर्भाशय काढलेल्या १३८ बायकांची माहिती छापली. ज्यांची ओव्हरी थोडीफार ठेवली होती त्यांच्यात ६२ टक्के जणींना पुन्हा त्रास झाला, दोन्ही ओव्हरी काढलेल्यांत १० टक्के जणींना. अभ्यास लहान होता आणि आज आजार जास्त नीट खरवडून काढतात, तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण त्या १० टक्क्यांकडेही बघा. दोन्ही ओव्हरी जाऊनही त्यांचं दुखणं परत आलंच.

आणि त्या बदल्यात द्यावं लागतं ते मेसेजमध्ये कुठेच नाही. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास जाते, तीही हळूहळू. ओव्हरी काढल्यावर तीच गोष्ट एका दुपारीत होते. अंगातून वाफा निघणं, झोप उडणं, योनीचा कोरडेपणा हे लगेच जाणवतं. हाडं ठिसूळ होणं आणि हृदयविकाराचा धोका हे नंतर येतं, आणि ऑपरेशन ४५ च्या आत झालं असेल तर जास्तच. त्यामुळे ४१ वर्षांच्या बाईला आणि ५० वर्षांच्या बाईला एकच उत्तर असू शकत नाही. माझ्या वयाला हा तराजू कुठल्याही बाजूला झुकू शकतो. ते ओव्हरीत किती आजार आहे यावर ठरतं. शुद्ध अॅडेनोमायोसिस असेल तर ओव्हरी काढायचं काही कारणच नाही.

संमतीपत्रावर सही करताना हे स्पष्ट विचारा: फक्त गर्भाशय, की एक ओव्हरी, की दोन्ही? वर्षानुवर्षं ‘पिशवी काढली’ म्हणणाऱ्या कितीतरी बायकांना आपल्या ओव्हरी आहेत की नाहीत हे माहीतच नसतं. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात पोचलं, सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी राज्यांना सूचना दिल्या. इतकं होऊनही शहरातल्या शिकलेल्या बायकांच्या ग्रुपवर हा सल्ला चहाच्या रेसिपीइतक्या सहज पुढे जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

कॅन्सरची भीती घालणारे आकडा सांगत नाहीत. ओव्हरीच्या कॅन्सरचा आयुष्यभराचा धोका सर्वसाधारण बाईला शंभरात सव्वाच्या आसपास, एंडोमेट्रिओसिस असलेल्या बाईला शंभरात दोनपेक्षा थोडा कमी. तो वाढतो हे खरं, पण शंभरातल्या अठ्ठ्याण्णवजणींना तो होत नाही. घरात आई-बहिणीला ओव्हरीचा किंवा स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर गोष्ट वेगळी, ती डॉक्टरांना आवर्जून सांगा. ओव्हरीच्या कॅन्सरच्या शंकेने करतात ती सीए-१२५ ची रक्ततपासणी वाढलेली आली म्हणूनही घाबरू नका, या आजारात ती तशीही वाढते.

‘नंतर हार्मोन घेऊ नका.’

हार्मोनच्या गोळ्यांनी स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, ही भीती २००२ मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासापासूनची. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. चाळिशीत दोन्ही ओव्हरी गेलेल्या बाईला तो निकाल जसाच्या तसा लागू होत नाही. तिला स्तनाच्या कॅन्सरसारखी आडकाठी नसेल, तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन द्यावेत असाच सर्वसाधारण सल्ला असतो. मात्र एक बारकावा आहे. गर्भाशय नसलेल्या बाईला एरवी नुसतं इस्ट्रोजेन देतात. पोटात एंडोमेट्रिओसिस उरला असेल तर नुसत्या इस्ट्रोजेनने तो पुन्हा डोकं वर काढू शकतो, म्हणून प्रोजेस्टेरॉनसारखं औषध जोडून देणं किंवा टिबोलोन नावाची हार्मोनसारखी गोळी देणं बरं समजतात. गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ‘मला एंडोमेट्रिओसिस होता’ हे सांगायला विसरू नका.

‘दोन दिवसांत घरी’ हे साध्या ऑपरेशनबद्दल ठीक आहे. आजार खोल असेल तर आतडं, गर्भाशय, ओव्हरी एकमेकांना चिकटलेले असतात, मूत्रनलिका अगदी लगत असते. अशा वेळी आतड्याचे आणि मूत्रमार्गाचे सर्जन सोबत आहेत का, हे आधी विचारायला हवं. ठाण्यात तशी टीम मिळाली नाही तर मुंबईत परळच्या मोठ्या हॉस्पिटलांत जाऊन दुसरं मत घ्यायला लोकलचं तिकीट फार महाग नाही. घरी आल्यावरही जड उचलायला सहा आठवडे मनाई असते. मेडिक्लेमचं म्हणाल, तर या ऑपरेशनला सहसा दोन वर्षांचा वेटिंग पीरियड असतो. तो पूर्ण झाला असेल आणि पॉलिसी वेळेवर रिन्यू होत असेल, तर यंदाच घाई करायचं कारण नाही.

‘वाट बघण्यात अर्थ नाही.’

पाळी जायच्या आधीच्या दोन-चार वर्षांत इस्ट्रोजेन खाली-वर उसळतं, त्यामुळे दुखणं वाढू शकतं. मी त्यातूनच जातेय. पण पाळी गेल्यावर बहुतेकींचा त्रास कमी होतो. तोवरचा काळ काढायला साधनं आहेत: डायनोजेस्ट या हार्मोनची रोज २ मिलिग्रॅमची गोळी, गर्भाशयात बसवायची हार्मोनची मिरेना, काहींना इंजेक्शनं. यांचेही त्रास आहेत, मला डायनोजेस्टने काही महिने सतत डाग पडत होते. तरी रात्री झोप लागायला लागली.

काही वेळा मात्र थांबू नये. हिमोग्लोबिन औषधांनीही सावरत नसेल, सिस्ट सोनोग्राफीत संशयास्पद दिसत असेल, आतड्याला अडथळा येत असेल, किंवा मूत्रनलिका दाबली जाऊन किडनी फुगली असेल तर. ही शेवटची गोष्ट न दुखताही होऊ शकते, म्हणून खोल आजार असलेल्या बाईने किडनीची सोनोग्राफीही करून घ्यावी. आणि पाळी गेल्यावर आजार संपलाच असंही धरून चालू नका, एंडोमेट्रिओसिस सापडणाऱ्यांत २ ते ४ टक्के बायका पाळी गेलेल्या असतात. सलग बारा महिने पाळी न येता मग पुन्हा रक्त दिसलं, एक डाग का असेना, तर ग्रुपवर विचारू नका. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.