मोत्यांचा गालिचा कोणाचा

परत तोच फोटो आला ग्रुपवर. दहावीच्या बॅचचा ग्रुप आहे आमचा, १९९६ची बॅच, बडोद्यातली मराठी शाळा, एरवी गुड मॉर्निंगची फुलं आणि कोणाच्या तरी मुलाचे मार्क एवढंच चालतं. पण वर्षातून दोनदा कोणीतरी हा मोत्यांच्या गालिच्याचा फोटो टाकतं आणि खाली ठळक अक्षरांत, "आपल्या बडोद्याचा अमूल्य ठेवा आज वाळवंटात! खरा बडोदेकर असशील तर पुढे पाठव." की झालं सुरू. लुटलं, नेलं, सरकार झोपलंय. ह्यावेळी एकाने लिहिलं, "तेल निघालं म्हणून घेतला हो, त्यांना कलेतलं काय कळतंय, संस्कृती विकत मिळत नाही." त्याला धडाधड अंगठे. आणि दुसऱ्याने मला टॅग करून, "आमच्या दुबईवाल्या बाईंना विचारा, मॉलमध्ये काय भाव चाललाय संस्कृतीचा."

मी तेव्हा शनिवारची दुबईतल्या अल कूजच्या, म्हणजे गोडाऊन-गॅरेजवाल्या भागातल्या, सिग्नलला उभी होते, शेजारी टायरने भरलेला ट्रक, आणि चालले होते कुठे तर अलसरकालला, तिथल्या गोडाऊनांमधल्या आर्ट गॅलऱ्यांत, एक प्रदर्शन बघायला. तिथेच टाईप केलं काहीतरी खरमरीत आणि डिलीट केलं. मागच्याने हॉर्न मारला. मग दिवसभर तेच डोक्यात, म्हणून इथे लिहितेय, मोठं होईल, सांगून ठेवते.

आधी गालिच्याचं. बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांनी १८६५च्या सुमाराला तो करून घेतला, साधारण पंधरा लाख बारीक मोती, मधे हिऱ्यांची तीन मोठी फुलं, शिवाय माणकं, पाचू, नीलम. मदिनेला अर्पण करायचा होता असं म्हणतात, पण १८७०ला महाराज गेले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे महाराणी सीतादेवींबरोबर मोनॅकोला गेला आणि २००९ला दोह्यात सदबीजच्या लिलावात जवळजवळ पंचावन्न लाख डॉलरला विकला गेला. आता कतारच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे. ह्यात इंग्रज कुठे आले? गझनीचा महमूद कुठे आला? घरातून गेला, पावती फाडून गेला. परत मागायचा तर कोणाकडे मागणार?

आणि मोती कुठले होते ते कोणी बोलतच नाही. बसऱ्याचे. म्हणजे ह्याच समुद्रातले, बाहरीन, कतार, इकडच्या किनाऱ्यावरचे. नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून माणसं एका श्वासात खाली जायची आणि गळ्यातल्या जाळीत शिंपले भरून वर यायची, काही यायची नाहीत. तो माल मुंबईला यायचा, तिथून राजेरजवाड्यांकडे. उद्या इथल्यांच्या ग्रुपवर कोणी टाकलं की आमचे मोती बडोद्याच्या राजाने नेले होते, बरं झालं परत आले, तर?

बरं, ते "संस्कृती विकत मिळत नाही". हे बडोद्यातल्या माणसाने म्हणावं म्हणजे कमाल आहे. आपल्याकडे दुसऱ्या मार्गाने आलंय काय? रविवर्मा त्रावणकोरचे, बोलावून, पैसे मोजून चित्रं काढून घेतली. लक्ष्मीविलास राजवाडा बांधला इंग्रज आर्किटेक्टने, पुतळे केले इटलीच्या फेलिचीने. फैयाज खाँसाहेब आग्र्याचे, दरबारात नोकरीला. गाणं शिकवायची शाळा १८८६ला काढली ती उत्तरेतून आलेल्या मौलाबक्षांना घेऊन, भरतनाट्यमवाल्या तंजावरहून महाराणी चिमणाबाईंच्या लग्नात आल्या, कीर्तिमंदिरातल्या भिंती रंगवल्या शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये युरोपातली पेंटिंग्ज आहेत आणि इजिप्तची ममी आहे, ती काय विश्वामित्रीतून वाहत आली? (देवमाशाचा सांगाडा तेवढा आपला, तो महीच्या मुखाशी खरंच वाहून आला होता. शाळेच्या सहलीत आपण सगळे त्याच्या खाली उभं राहून दात मोजायचो आणि त्याला दात नव्हतेच.) आणि ज्या सयाजीरावांनी हे सगळं केलं ते तरी? नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा, १८७५ला दत्तक आणला. राजासकट बाहेरून आणलेलं गाव आहे आपलं, आणि झकास आहे. पैसा होता, नजर होती, माणसं आणली, त्यांना राहू दिलं. दीडशे वर्षं झाली की त्याला परंपरा म्हणतात, पंधरा वर्षं झाली की म्हणतात विकत घेतलं.

मी काही पहिल्यापासून अशी कलाप्रेमी वगैरे नव्हते हां. २००६ला आले, जेबेल अलीत लॉजिस्टिक्समध्ये, पहिली दहा वर्षं माझीही दुबई म्हणजे ऑफिस, सालिकचा टोल, करामातली भाजी आणि गुरुवारी रात्री पाहुणे. अलसरकालला पहिल्यांदा गेले ती एका ऑगस्टमध्ये, गॅरेजला गाडी टाकली होती, दोन तास लागतील म्हणाला, बाहेर पंचेचाळीस, शेजारी गोडाऊनसारखं काहीतरी होतं आणि आत एसी. फुकट होतं म्हणून शिरले. पत्र्याची उंच शेड, जुनी मार्बल फॅक्टरी होती म्हणे त्या भागात, आत पांढऱ्या भिंती आणि एका भिंतीवर फक्त एक चित्र. एवढी मोठी भिंत आणि एक चित्र! आपल्याकडे तेवढ्या भिंतीवर पूर्वजांचे फोटो, कॅलेंडर, घड्याळ आणि रेशनिंगच्या दुकानाची जाहिरात मावली असती. कोपऱ्यातल्या मुलीने मान वर करून हसून परत लॅपटॉपमध्ये घातली. विचारलं नाही कोण तुम्ही, घ्यायचंय का. मी गॅरेजच्या चपला आणि ऑफिसचा कुर्ता घालून पाऊण तास बसले तिथे.

मग सवयच लागली. सिनेमा अकीलला जुने अरबी सिनेमे, जद्दाफला जमील आर्ट्स सेंटर, त्याला तिकीट नाही, मधे मधे काचेपलीकडे वाळवंटातल्या झाडांच्या सात छोट्या बागा केल्यात, आणि खाली लायब्ररी, कोणीही जाऊन बसा. शारजाची बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, तर १९९३पासून चालूय, म्हणजे आपण शाळेत होतो तेव्हापासून. २०२३ला तिथे विवान सुंदरम यांचं काम होतं, ते कोण तर आपल्या बडोद्याच्या फाईन आर्ट्स कॉलेजचे विद्यार्थी. मी शेजारच्या फिलिपिनो बाईला उगाच सांगितलं, फ्रॉम माय सिटी. ती म्हणाली नाईस.

आता मुख्य गोष्ट, जी मला ग्रुपवर लिहायची होती आणि लिहिली नाही. जमीलच्या लायब्ररीत एक जाडजूड पुस्तक हातात आलं, आत नुसत्या रेघा. पेनाने, पट्टीने मारलेल्या बारीक काळ्या रेघा, काही जवळ जवळ, काही पांगत गेलेल्या, आणि शेवटी कागद कोरा. मधे काही फोटो, वाळूवर पडलेल्या सावल्या, समुद्राची कड. मला वाटलं असेल कोणी युरोपियन. नाव बघितलं, नसरीन मोहमदी. खाली लिहिलेलं, १९७२पासून बडोद्याला शिकवत होत्या, १९९०ला गेल्या. घरच्यांचा धंदा बाहरीनला, त्यामुळे हे वाळवंट त्यांनी बघितलेलं, त्यातले काही फोटो इकडचेच. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१६ला नवीन शाखा उघडली तेव्हा सुरुवातीलाच ह्यांचं प्रदर्शन लावलं होतं. १९९०ला मी दहा वर्षांची, त्याच गावात. सुरसागरवर शेवउसळ खात असेन. पुढे बीकॉमला पाच मिनिटांवरच्या फाईन आर्ट्सवरून रोज लुना हाणत जायचे, आत गेले ती फक्त त्यांच्या फेअरला, तेही मुलं बघायला. वाळवंट बघितलेली बाई बडोद्याला येऊन रेघा मारून गेली आणि बडोद्याची बाई ते बघायला वाळवंटात आली. त्या दिवशी करक चहा घेऊन खाडीच्या कठड्यावर बसले आणि मला राग आला, कोणाचा ते कळेना, शाळेचा, आईबाबांचा, माझाच. अभिमानाने "संस्कारनगरी" म्हणायला शिकवलं सगळ्यांनी, दार ढकलून आत जा म्हणून कोणी सांगितलं नाही.

ग्रुपवर गेल्या डिसेंबरात एक भांडण झालं होतं, मराठी नाटकाचं तिकीट तीनशे रुपये म्हणजे लूट आहे म्हणून. मी गेले होते त्या नाटकाला, सुट्टीवर होते. अर्धं थिएटर रिकामं आणि जे होते त्यातले निम्मे पासवाले. इथे शाळेच्या ऑडिटोरियममध्ये शंभर दिरहॅमचं तिकीट आठ दिवसांत संपतं, हे मी लगेच ऐकवलं होतं. पण खरं सांगायचं तर इथे लोक नाटकाला येतात की मध्यंतरातल्या बटाटेवड्याला, हे मी त्यात लिहिलं नव्हतं. आणि इथे कोणी कशावरही नाटक करू शकतं का, तेही नव्हतं लिहिलं. असू दे.

आणखी एक लिहिलं नव्हतं. अबऱ्याने, म्हणजे लाकडी होडीने, एक दिरहॅममध्ये खाडी ओलांडून मी पाहुण्यांना बस्तकिया ह्या जुन्या वस्तीत घेऊन जाते, ते वाऱ्याचे मनोरे, समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांच्या भिंती, आणि मोठ्या ऐटीत सांगते की बघा हे इराणच्या बस्तकहून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधलं, अर्धं पाडलं होतं, उरलेलंही पाडणार होते, एका इंग्रज आर्किटेक्टने खटपट केली, १९८९ला प्रिन्स चार्ल्स येऊन बघून गेला आणि वाचलं, आता खोल्याखोल्यांतून कलाकार बसतात. आपल्याकडे बघा, एकेक वाडा पडतोय, कोणाला काही पडलेली नाही. असं सांगते. आणि आमचा वाडा? दांडिया बाजारातला, तीन मजली, लाकडी जिना, खांबांवर पोपट कोरलेले. २०१४ला बिल्डरला दिला. पाच हिस्सेदार होते, चार सह्या तिथे झाल्या, पाचवी माझी. पॉवर ऑफ ॲटर्नी करायला मी ऑफिसमधून हाफ डे घेतला होता आणि फोटो कॉपी कमी पडली म्हणून कॉन्सुलेटबाहेरच्या टायपिंग सेंटरवाल्याशी भांडले होते, वाड्याबद्दल कोणाशी भांडले नाही. पैशाचं काय केलं ते विचारू नका, मुलाची फी आहे, दुबई आहे. पोपट कुठे गेले माहीत नाही. कदाचित कुठल्या तरी रेस्टॉरंटमध्ये लावले असतील, इथल्याही.

गालिच्याबद्दल "घरातून गेला" हे मी वर किती ठसक्यात लिहिलंय ना.

नवरा पुण्याचा. सासरी पहिल्या दिवशी कोणीतरी म्हणालं, मराठी छान बोलते हो गुजरातमधली असून. बडोद्यात आम्हाला दक्षिणी म्हणतात, गायकवाडांबरोबर आलो, तीनशे वर्षं झाली, तरी "तमे मूळ क्यांना?" संपत नाही. इथे आडनाव ऐकून विचारतात, मुंबई? मी हो म्हणते, कोण समजावणार. एकोणीस वर्षं झाली, व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी गेली की गाशा गुंडाळा. इथल्या कुठल्याच गोष्टीला मी "आपलं" म्हणू शकत नाही आणि म्हणतही नाही, पण कोणी वाकडं बोललं की माझ्याच घरावर बोलल्यासारखं लागतं, आणि इथे कोणी बडोद्याला व्हेअर इज दॅट म्हटलं की तिथलं लागतं. दोन्हीकडून भांडायचं आणि मत कुठेच द्यायचं नाही, असं झालंय.

गेल्या ईदच्या सुट्टीत दोह्याला गेले, गालिचा बघायला. मला वाटलं होतं झगमगाट असेल. तसं नाही. काचेआड, अंधारात, दुधाळ दिसतो, सायीसारखा. जवळ गेल्यावर कळतं की हे सगळे वेगवेगळे मणी आहेत, एकसारखा एक नाही, काही पिवळट, काही किंचित गुलाबी, आणि त्यात वेली फिरतात, आपल्या काठांवर असतात तशा. शेजारी एक बाप मुलाला अरबीत काही समजावत होता, त्यातलं बरोडा एवढंच कळलं. मला त्याला टोकून सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

तिथे उभं असताना आजीची नथ आठवली. बसऱ्याच्या मोत्यांची, वरच्या मोत्याला बारीक टवका गेलेला, मी लहानपणी दाताखाली धरून बघितला होता खरा आहे का, त्याचा. आजीने धपाटा घातला होता. परत आल्यावर आईला फोन केला, म्हटलं अगं आजीची नथ कुठे आहे, ह्यावेळी गणपतीत मंडळात घालायला आणते.

"लॉकरमध्ये आहे की. पण चावी कुठाय?"

"म्हणजे?"

"गेल्या दिवाळीच्या आदल्या वर्षी लॉकरला तूच गेली होतीस ना माझे कागद ठेवायला. तेव्हापासून शोधतेय. बँकवाला म्हणतो फोडावा लागेल, खर्च येईल. मी म्हटलं राहू दे, असेल तिच्याकडे."

फोन चालू ठेवूनच ड्रॉवर उघडला. जुनी तीन एमिरेट्स आयडी, मेट्रोचं संपलेलं नोल कार्ड, नोकियाचा चार्जर, आणि खाली, बँकेच्या पितळी बिल्ल्यासकट.

"आहे," म्हटलं.

"बरं झालं. डिसेंबरात येशील तेव्हा आण. आणि ते ग्रुपवर काय चाललंय गं गालिच्याचं, शेजारच्या काकू सांगत होत्या, कोणी नेला म्हणे?"