पंपाच्या पावतीवर कर का छापत नाहीत?

८ एप्रिल २०२५ पासून पेट्रोल आणि डिझेल दोन्हींवर केंद्राची एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क, लिटरमागे दोन रुपयांनी वाढली. त्याच दिवशी गॅसचा सिलिंडर पन्नास रुपयांनी महागला. सिलिंडरवरून घरोघरी बोलणं झालं, आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर तोच विषय होता. एक्साइजबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही, कारण पंपावरचा भाव जिथल्या तिथे राहिला. ग्राहकाला जास्त काही द्यावं लागणार नाही असं सांगितलं गेलं आणि सगळ्यांनी ते ऐकून सोडून दिलं. मला सगळ्यात जास्त राग याचाच आला आहे.

कच्चं तेल तेव्हा स्वस्त झालं होतं. ज्याच्या भावावरून जगातला भाव मोजतात ते ब्रेंट तेल त्या आठवड्यात पिंपाला ६५ डॉलरच्या खाली उतरलं. मार्च २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा ते १२० च्या वर गेलं होतं. आमच्या इंदूरमध्ये मे २०२२ पासून पेट्रोल १०८ च्या आसपास होतं, मार्च २०२४ मध्ये दोन रुपयांनी उतरलं आणि एप्रिल २०२५ मध्येही १०६ वरच खिळून बसलं होतं. तेल निम्म्यावर आलं आणि आपल्या वाट्याला दोन रुपये आले. आता आणखी थोडी स्वस्ताई यायची वेळ झाली होती, तर तिच्यातले दोन रुपये वाटेतच काढून घेतले. खिशातून काही गेलं नाही हे खरं आहे. पण येणार होतं ते आलं नाही, आणि महिनाअखेरीला हिशेब मांडला की दोन्हींची बेरीज सारखीच निघते.

हे पहिल्यांदा होत नाहीये. एप्रिल २०१४ मध्ये पेट्रोलवर केंद्राची एक्साइज लिटरला ९ रुपये ४८ पैसे होती, डिझेलवर ३ रुपये ५६ पैसे. त्या वर्षी जगात तेल कोसळायला लागलं आणि नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात एक्साइज नऊ वेळा वाढली. मग २०२० चा लॉकडाउन आला. तेलाला गिऱ्हाईक नव्हतं, पिंपाचा भाव २० डॉलरच्या खाली गेला. मार्चमध्ये एक्साइज तीन रुपयांनी वाढली आणि मेमध्ये एका रात्रीत पेट्रोलवर दहा, डिझेलवर तेरा रुपयांनी. पेट्रोलवरचा आकडा झाला ३२ रुपये ९८ पैसे. तेव्हाही पंपावरचा भाव हलला नव्हता, आणि घरात कोंडून बसलेल्या आपल्यापैकी कितीजणांना ते कळलं असेल? कळलं ते जूनमध्ये. ७ जूनपासून तीन आठवडे जवळजवळ रोज सकाळी भाव चढत गेला, कारण तेल पुन्हा वर येत होतं आणि कर मात्र तिथेच बसलेला होता. मे २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत, ज्या दिवसांत माणसं ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी पळवत होती, त्या दिवसांत इंदूरमध्ये पेट्रोलने शंभरी ओलांडली.

२०१० मध्ये पेट्रोल आणि २०१४ मध्ये डिझेल बाजाराच्या हवाली केलं, जून २०१७ पासून देशभर भाव रोज बदलायला लागले, तेव्हा आपल्याला सांगितलं होतं की तेल चढलं तर भाव चढेल आणि उतरलं तर उतरेल. चढताना हा नियम तंतोतंत पाळला जातो. उतरताना मधे सरकार उभं असतं. आणि निवडणूक आली की भाव हलतच नाही. ४ नोव्हेंबर २०२१ नंतर चार महिन्यांहून जास्त काळ तो एका जागी थांबला, उत्तर प्रदेशची निवडणूक आटोपली, आणि २२ मार्च २०२२ पासून दोन आठवड्यांत दहा रुपये वाढले. लोकसभेची निवडणूक जाहीर झाली १६ मार्च २०२४ ला. दोन रुपये उतरले १५ मार्चला.

मी इंदूरच्या सियागंज बाजारातल्या काही दुकानांची हिशेबाची आणि जीएसटीची कामं बघते. दिवसभर बिलं डोळ्यांखालून जातात. साबण असो, बिस्किटं असोत, प्लास्टिकच्या बादल्या असोत, प्रत्येक बिलावर मालाची किंमत वेगळी, केंद्राचा सीजीएसटी वेगळा, राज्याचा एसजीएसटी वेगळा. हॉटेलात चहा घेतला तरी पाच टक्के कुठे गेले ते छापून मिळतं. त्याच फायलीत पंपाच्या पावत्या असतात. त्यांच्यावर भाव, लिटर आणि रक्कम. पुढे काही नाही. ज्या वस्तूवर सामान्य माणूस जवळजवळ रोज कर भरतो, तिच्याच पावतीवर कराची ओळ नाही.

म्हणून ती ओळ मी इथे लिहिते. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर इंदूरमध्ये एक लिटर पेट्रोल घेतलं की केंद्राचे २१ रुपये ९० पैसे. मग मध्य प्रदेशचा व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीवरचा कर, २९ टक्के, शिवाय लिटरमागे अडीच रुपये, शिवाय एक टक्का सेस, म्हणजे उपकर. आणि हे टक्के नुसत्या पेट्रोलच्या किमतीवर लागत नाहीत, केंद्राची एक्साइज मिळवून जी किंमत होते तिच्यावर लागतात. करावर कर. केंद्राने दोन रुपये वाढवले आणि ते उद्या पंपावर उतरले, तर इंदूरच्या माणसाला ते दोन रुपये साठ पैशांना पडतील. वरचे साठ पैसे राज्याला मिळतील, तेही राज्याने कुठलाच निर्णय न घेता, विधानसभेत एक शब्द न उच्चारता. सगळं धरून तेव्हा शंभर रुपयांच्या पेट्रोलमध्ये चाळीसहून जास्त रुपये कराचे होते.

बडोद्याशी आमचं येणं-जाणं आहे. आत्याचं घर दांडिया बाजारात, त्यामुळे लग्नकार्य, गणपती, काही ना काही निमित्त निघतंच. एप्रिल २०२५ मध्ये तिकडे पेट्रोल ९४ च्या आसपास होतं. बारा रुपयांचा फरक. आम्ही इथून निघताना गरजेपुरतंच पेट्रोल भरतो आणि पिटोलला गुजरातची सीमा ओलांडून दाहोदला टाकी फुल करतो. येताना तेच. आत्येभाऊ इकडे यायला निघाला की फोनवर पहिलं वाक्य हेच असतं, ‘दाहोदला भरून घेतो, तुमच्याकडे परवडत नाही.’ आम्ही एका छोट्या गाडीचे काही रुपये वाचवतो. ट्रकवाले दोन-दोनशे लिटर भरतात, तेही गुजरातेत भरून घेऊन मध्य प्रदेश पार करतात. म्हणजे जास्त कर लावून राज्य स्वतःचंच गिऱ्हाईक घालवतंय, आणि झाबुआकडच्या सीमेवरचा पंपवाला ट्रक समोरून जाताना बघत बसतो.

इंदूरमध्ये बऱ्याच लोकांचा समज आहे की बडोद्याला कोयलीची रिफायनरी आहे म्हणून तिथे स्वस्त. मलाही माझ्या ओळखीतल्या चांगल्या शिकलेल्या माणसांनी हे सांगितलंय. अहो, रिफायनरी तर आपल्याकडेही आहे. सागर जिल्ह्यात बीनाला, २०११ पासून. गुजरातच्या वाडीनार बंदरावरून ९०० किलोमीटरहून लांब पाइपलाइनने तिथे कच्चं तेल येतं. आपल्याच राज्यात शुद्ध होतं आणि तरीही आपल्यालाच महाग मिळतं. वाहतुकीचा फरक अगदी थोडा असतो. खरा फरक कराचा आहे. गुजरातचा व्हॅट १३.७ टक्के आणि वर ४ टक्के सेस, आपला २९ आणि वर बाकीचं.

यात कुठल्या एका पक्षाची बाजू घ्यायला कुणी येऊ नये. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातल्या काँग्रेसच्या सरकारने अतिवृष्टीच्या नुकसानीचं कारण देऊन पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट पाच टक्क्यांनी वाढवला. जून २०२० मध्ये राज्यातल्या भाजपच्या सरकारने कोरोनाचं कारण देऊन आणखी एक-एक रुपया चढवला. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रामागोमाग राज्यानेही थोडा कर उतरवला, तेव्हा पेट्रोलवरचा व्हॅट २९ टक्के झाला. पूर ओसरला, साथ ओसरली. कारण संपलं की कर जातो, असं मात्र होत नाही.

राज्यं इतकी हट्टाने व्हॅटला का चिकटून असतात, यामागे एक गोष्ट आहे जी फार कमी लोकांना माहीत आहे. केंद्र पेट्रोलवर जे घेतं त्याचे चार तुकडे आहेत. मूळ उत्पादन शुल्क, विशेष अतिरिक्त शुल्क, रस्ते आणि पायाभूत सुविधांचा सेस, आणि २०२१ च्या बजेटमध्ये आलेला शेतीचा सेस. वित्त आयोगाप्रमाणे राज्यांना जो ४१ टक्के वाटा मिळतो तो यातल्या फक्त पहिल्या तुकड्यावर. सेस आणि अधिभार वाटपात येतच नाहीत. आणि तो पहिला तुकडा किती आहे? १ रुपया ४० पैसे. २०२१ मध्ये केंद्राचा कर ३२ रुपयांच्या वर होता तेव्हाही १.४०, एप्रिल २०२५ मध्ये तो २१.९० झाला तरी १.४०. त्याचे ४१ टक्के म्हणजे सत्तावन्न पैसे, सगळ्या राज्यांना मिळून. एप्रिल २०२५ ची दोन रुपयांची वाढ विशेष शुल्कात केली आहे, म्हणजे तिच्यातून राज्यांना काहीच नाही. मग राज्य आपला हात थेट पंपात घालतं. दोघांच्या ओढाताणीत टाकी आपली रिकामी होते.

डिझेलचं दुखणं याहून खोल आहे. पेट्रोल निदान डोळ्यांसमोर भरलं जातं. डिझेल भाजीत, दुधात, शाळेच्या फीमध्ये मुरलेलं असतं. माझ्या दुकानदारांना मालवाहतुकीच्या गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी परत वळता करता येतो, टायरवरचा येतो, डिझेलवरचा एक पैसा येत नाही, कारण १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा पेट्रोल, डिझेल, कच्चं तेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचं इंधन बाहेरच ठेवलं. सप्टेंबर २०२१ मध्ये जीएसटी परिषदेच्या लखनौच्या बैठकीत हा विषय आला आणि अजून वेळ आलेली नाही म्हणून बाजूला ठेवला गेला. त्यामुळे डिझेलवरचा कर हा व्यापाऱ्याचा शुद्ध खर्च. तो किमतीत जातो, त्या किमतीवर पुन्हा जीएसटी लागतो. देवासहून आलेला बटाटा इंदूरच्या चोईथराम मंडीत उतरतो, तिथून लोडिंग रिक्षाने आमच्या गल्लीतल्या ठेल्यावर येतो, प्रत्येक टप्प्यावर भाड्यात कर आहे आणि पावती कुठेच नाही.

ज्याला हा खर्च पुढे ढकलता येत नाही तो शेतकरी. नांगरटीला डिझेल, पेरणीला डिझेल, हार्वेस्टर भाड्याने आणला तर त्यातही डिझेल. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ मध्ये क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि माळव्यातल्या मंड्यांमध्ये त्याच्या बऱ्याच खाली माल गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये शेतकरी सहा हजारांची मागणी घेऊन ट्रॅक्टर काढून रस्त्यावर आले होते. त्या ट्रॅक्टरमध्ये होतं ते डिझेलही करासकट विकत घेतलेलं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना २०२५ च्या एप्रिलमध्ये लाडली बहना या राज्याच्या महिलांसाठीच्या योजनेचे १,२५० रुपये महिन्याला मिळत होते. त्यांना त्याचा आधार आहे, मी ते नाकारणार नाही. पण त्याच महिन्यात शाळा सुरू झाली आणि नातवाच्या व्हॅनवाल्याने भाडं वाढवलं. मावशी इन्कम टॅक्स भरत नाहीत म्हणून ‘कर भरणारे आम्ही, फुकट खाणारे ते’ असं बोलणारे लोक मला भेटतात. त्यांनी एकदा हे बघावं. मोठ्या मोटारीत बसणारा आणि मावशींचा व्हॅनवाला, दोघेही लिटरमागे कर तेवढाच देतात. मावशींच्या मिळकतीत तो कितीतरी जड पडतो.

समोरून येणारी उत्तरं मला पाठ आहेत. तेल कंपन्यांनी २०२२ मध्ये तोटा सोसला. सोसला, खरं आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये मिळून पेट्रोलवर तेरा आणि डिझेलवर सोळा रुपये कमी केले, तेही खरं. पण २०२३-२४ मध्ये तिन्ही सरकारी कंपन्यांचा नफा मिळून ८० हजार कोटींच्या वर गेला, तेव्हा तोट्याचा हिशेब बंद व्हायला हवा होता. जुन्या ऑइल बाँडचं, म्हणजे आधीच्या सरकारने तेल कंपन्यांना रोख पैशांऐवजी दिलेल्या कर्जरोख्यांचं ओझं आहे, हे दुसरं उत्तर. त्या बाँडची मुद्दल साधारण १ लाख ३० हजार कोटी, आणि २०२०-२१ या एका वर्षात केंद्राला पेट्रोलियमच्या एक्साइजमधून साडेतीन लाख कोटींहून जास्त मिळाले. रस्त्यांना पैसा लागतो, हे तिसरं. लागतोच, आणि दाहोदच्या वाटेवर आपण टोल वेगळा भरतो.

कर नकोच असं मी म्हणत नाही. ज्या शहराला आपण स्वच्छतेत पहिलं म्हणून मिरवतो ते करावरच चालतं, हे मला कळतं. माझी मागणी एवढीच आहे की कर उघड असावा. पंपाच्या प्रत्येक पावतीवर तीन ओळी छापा, पेट्रोलची किंमत, केंद्राचा कर, राज्याचा कर. यंत्रातून छापून निघणाऱ्या पावतीवर या ओळी वाढवायला फारसा खर्च नाही. राज्याने व्हॅट टक्क्यांऐवजी लिटरमागे ठरावीक रुपयांत लावावा, म्हणजे केंद्राने वाढवलं की आपोआप राज्याचं वाढणार नाही. आणि तेल उतरल्यावर किती दिवसांत भाव उतरेल याचा नियम लेखी द्यावा.

पहिल्या दोन मागण्या राज्याच्या हातातल्या आहेत, म्हणून त्यांचा अर्ज मी आपल्या भागातल्या आमदारांच्या कार्यालयात आणि राज्याच्या वाणिज्यिक कर विभागात देणार आहे. मसुदा हिंदीत तयार आहे. सियागंजमधल्या काही व्यापाऱ्यांनी सही करायची तयारी दाखवली आहे. सुदामानगर, लोकमान्यनगर, वैशालीनगर या भागांत आपल्या ओळखी आहेत, तिथे कुणी सह्या गोळा करायला तयार असेल तर कळवा, मी प्रती पोचवते. गाडी दुचाकी असो, रिक्षा असो की ट्रॅक्टर, सोबत पंपाच्या एका पावतीची झेरॉक्स जोडा.