याला झूम किती?

हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावाला कॅमेरा गळ्यात अडकवून उभं राहिलं की कोणीतरी विचारतंच, "दादा, याला झूम किती?" आपल्याकडे झूम म्हणजे लांबचं जवळ दिसणं असंच सगळे धरून चालतात. पण फोकल लेंग्थ (एमएममधला आकडा, तो जितका मोठा तितकं लांबचं मोठं दिसतं) कमीजास्त करता आली की ती झूम लेन्स, बस. कॅमेऱ्यासोबत येते ती १८-५५ एमएम पण झूमच, तिने समोरचा समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला काही जवळ येत नाही. उलट ४०० एमएमची प्राइम, म्हणजे एकाच फोकल लेंग्थची लेन्स, जराही झूम होत नाही तरी डोलकाठीवरची ब्राह्मणी घार मस्त टिपते. ते ३एक्स वगैरे म्हणजे नुसता भागाकार हो, ५५ भागिले १८. ७०-२०० पण जवळपास ३एक्सच, म्हणून दोन्ही सारख्या झाल्या का? दुकानात एक्स विचारूच नका, किती एमएमपासून किती एमएमपर्यंत ते विचारा.

मोबाईलवर दोन बोटांनी स्क्रीन ताणली की बऱ्याचदा फोन फोटो फक्त कापून मोठा करतो, १२ मेगापिक्सेलवर ४ पट डिजिटल झूम केला की पाऊण मेगापिक्सेल उरतो, बाकीचं सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. स्टेटसवरचे डॉल्फिनचे काळे ठिपके असेच तयार होतात. आणि म्हणून होडीवाल्या मामांना "अजून जवळ घ्या" म्हणू नका प्लीज, त्या जीवांच्या मागे इंजिन लावून पळावं एवढं आपल्या फोटोत काही नसतं.

अजून एक, "पायांनी झूम करा", म्हणजे झूमऐवजी चालत जवळ जा, हा सल्ला सगळे देतात, मला तो अर्धवट वाटतो. होडीला अगदी खेटून मोबाईलने फोटो काढा, होडी अवाढव्य दिसते आणि मागे सुवर्णदुर्ग म्हणजे नुसती काळी रेघ. आता भरपूर मागे जा, २०० एमएमवर होडी फ्रेममध्ये तेवढीच मोठी ठेवा, किल्ला डोलकाठ्यांच्या मागे भिंतीसारखा उभा राहतो! हे लेन्सने नाही केलं, तुम्ही मागे गेलात म्हणून झालं, कारण होडीपासूनचं अंतर कितीतरी पट वाढलं आणि किल्ल्यापासूनचं त्या मानाने किरकोळ, झूमने फक्त चौकट आवळली. त्यामुळे आधी कुठे उभं राहायचं ते ठरवायचं आणि मग लेन्सवरची झूमची रिंग फिरवायची, नवीन मुलं नेमकं उलट करतात, जागचे हलत नाहीत आणि रिंग फिरवत बसतात. ओहोटीला या, वाळू मोकळी असते, मागे जायला हवी तेवढी जागा मिळते.