‘मॅप-फिल्टर जावास्क्रिप्टमध्येच आहेत’ हे अर्धंच खरं

लेखकभाऊ, जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेसाठीच्या रामदा आणि लोडॅश-एफपी या तयार फंक्शनांच्या दोन संचांची तुमची तुलना बाकी आवडली. पण ‘मॅप (यादीतल्या प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणारा) आणि फिल्टर (हवे तेवढेच घटक ठेवणारा) भाषेतच आहेत, मग रामदा किंवा लोडॅश-एफपी कशाला’ हे काही पटलं नाही. मी दारव्हा तालुक्यातला. गावच्या एका कापूस खरेदीदाराला हिशेबाचा छोटा प्रोग्राम करून दिला होता. काट्यावरची वजनं मजकूर म्हणून यायची: '6', '8', '10' क्विंटल. मी सरळ मॅपमध्ये पार्सइंट, म्हणजे मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन, टाकलं. उत्तर आलं 6, एनएएन (म्हणजे ‘संख्याच नाही’) आणि 2! दहा क्विंटलचे दोन, राजेहो! पट्टी शेतकऱ्याच्या हाती जायच्या आत दिसलं म्हणून वाचलो. भाषेतला मॅप घटकासोबत त्याचा शून्यापासून मोजलेला क्रमांकही फंक्शनला देतो आणि पार्सइंट त्या क्रमांकालाच अंकपद्धतीचा पाया समजतं. क्रमांक 0 ला दशमान धरलं जातं, 1 चालतच नाही, आणि 2 म्हणजे द्विमान, त्यात '10' म्हणजे दोनच. रामदा आणि लोडॅश-एफपी दोघांचाही मॅप फंक्शनला फक्त घटक देतो, त्यामुळे तिथं हा घोळ होत नाही.

दोघांतलं निवडायचं तर माझं मत रामदाला. लोडॅशच्या मुख्य दस्तऐवजात आर्ग्युमेंटांचा (फंक्शनला द्यायच्या गोष्टींचा) क्रम साध्या लोडॅशचा, म्हणजे डेटा आधी, असा आहे, एफपीत डेटा शेवटी येतो, मग दरवेळी मनातल्या मनात उलटं वाचा. रामदाची पानं त्याच्याच क्रमानं लिहिलेली आहेत, शिवाय दुसरं कुठलंही पॅकेज लागत नाही. तालुक्याला एकदा उतरवून पेनड्राइव्हवर घरी आणलं की झालं. आमच्याकडं लाइन गेली की टॉवरही जातो.