संशोधनात दम असेल तर उद्योजक स्वतःच येईल? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

विद्यापीठांतील संशोधनातून उभ्या राहणाऱ्या कंपन्यांना सोलापुरात कशी मदत करता येईल, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे: विद्यापीठाचे काम शिकवण्याचे आणि संशोधनाचे आहे, त्याने दुकान मांडू नये, संशोधनात दम असेल तर अक्कलकोट रस्त्यावरचा टॉवेल कारखानदार किंवा सांगोल्याचा डाळिंब बागायतदार स्वतःहून दार ठोठावेल, सरकारी पैशातून खासगी नफा काढण्याचा हा एक सभ्य मार्ग आहे, आणि इनक्युबेशन सेंटर (नव्या कंपन्यांना जागा, सुविधा आणि सल्ला देणारे केंद्र) म्हणजे फीत कापणे, पुठ्ठ्याच्या मोठ्या चेकसोबत फोटो आणि वर्षभरात दाराला कुलूप.

शेवटच्या मुद्द्यावर माझे आपल्याशी भांडण नाही. नवउद्योजक प्रस्तावांच्या छाननीला मी अधूनमधून बसतो आणि स्पर्धेत पहिला आलेला प्रकल्प पुढच्या वर्षी वेगळ्या शहरात, वेगळ्या नावाने पुन्हा पहिला आलेला पाहिला आहे. परंतु दुसऱ्या, म्हणजे उद्योजक स्वतःहून येईल या मुद्द्यावर मी मुळीच सहमत नाही, आणि सगळा वाद तिथेच अडलेला असल्यामुळे या उत्तराचा बराचसा भाग त्यालाच देतो.

आपल्याच गावातले उदाहरण घेऊ. सुती टॉवेल रंगवायला बहुतेक ठिकाणी रिअॅक्टिव्ह रंग वापरतात. रंग धाग्याला धरावा म्हणून मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट भरपूर घालावे लागते आणि नंतर सोडा अॅश घालून पाणी अल्कधर्मी करावे लागते. तरीही रंगाचा काही भाग, छटेनुसार आणि पद्धतीनुसार १० टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत, धाग्याला न धरता धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात जातो. हा रंग काढण्यावर आपल्या राज्यातल्या रसायनशास्त्र विभागांत उदंड काम झालेले आहे. डाळिंबाच्या सालीपासून, ज्वारीच्या ताटांपासून, उसाच्या चिपाडापासून भुकटी तयार करून तिने रंग शोषून घेण्याचे प्रबंध आपल्याला शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात सहज सापडतील.

प्रबंधातला प्रयोग साधारणपणे असा असतो. ऊर्ध्वपातित पाणी घ्यायचे, त्यात एकच रंग मोजून टाकायचा, तो बहुधा मिथिलीन ब्लू असतो, मग भुकटी घालून ढवळायचे, आणि ठरावीक वेळाने पाणी नितळ झाल्याचा आलेख काढायचा. प्रयोग खोटा नसतो. परंतु मिथिलीन ब्लू हा धनभारित रंग आहे, तर टॉवेलचा रिअॅक्टिव्ह रंग ऋणभारित. सालीच्या भुकटीचा पृष्ठभाग बहुधा ऋणभारित असल्यामुळे जी भुकटी पहिल्या रंगाला घट्ट धरते, तीच दुसऱ्याला दूर लोटते. शिवाय डाईंग हाऊसच्या खऱ्या पाण्यात मीठ असते, सोडा असतो, धाग्याची खळ आणि साबण असतो, पाणी गरम असते आणि एका पाळीत लाल तर दुसऱ्या पाळीत निळे असते. या पाण्यात भुकटी किती टिकते, तिला पुन्हा वापरता येते का, आणि रंग पिऊन बसलेली ती भुकटी शेवटी टाकायची कुठे, हे तीन प्रश्न प्रबंधाच्या शेवटच्या पानावर ‘भविष्यातील कामाची दिशा’ या मथळ्याखाली जाऊन विसावतात.

आता आपण म्हणता तसा कारखानदार दार ठोठावायला आला, असे समजू. तो कोणते प्रश्न विचारील? दिवसाला इतके हजार लिटर पाणी आहे, लिटरमागे खर्च किती. ईटीपीमध्ये, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत, काय बदल करावा लागेल. यंत्र बंद पडले तर माणूस कोण पाठवणार. आणि प्रदूषण मंडळाचा नमुना नापास झाला तर जबाबदार कोण. यांपैकी एकाचेही उत्तर संशोधकाकडे नसते, आणि असावे अशी अपेक्षा करणेही योग्य नाही, कारण ते शोधायला पायलट प्लांट (चाचणीसाठीचा छोटा कारखाना), फिटर, सहा महिन्यांचा वेळ आणि अपयशाची मुभा लागते. कोणतेही जर्नल ‘खऱ्या सांडपाण्यात चालले नाही’ असा शोधनिबंध उत्साहाने छापत नाही. कारखानदारही आपला चालू ईटीपी दुसऱ्याच्या प्रयोगासाठी पणाला लावणार नाही, आणि लावू नये. तंत्रज्ञान किती पक्के झाले आहे हे मोजण्यासाठी नासाने रूढ केलेली १ ते ९ अशी एक मोजपट्टी जगभर वापरतात. तिच्यावर विद्यापीठ तिसऱ्या-चौथ्या पायरीवर हात झटकते आणि उद्योग सातव्या पायरीपासून पुढे बोलतो. मधल्या पायऱ्या कोणाच्याच नोकरीच्या वर्णनात बसत नाहीत. मदत करायची ती या जागी, एवढेच माझ्या लेखाचे म्हणणे होते. इमारत बांधा असे मी लिहिलेले नाही.

पैशाचा प्रश्न आपण समजता तितका बिकट नाही. जैवतंत्रज्ञानाशी संबंधित कल्पनेसाठी बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचे ‘बिग’ अनुदान ५० लाख रुपयांपर्यंत मिळते, केंद्राच्या निधी-प्रयास योजनेत प्रोटोटाइपसाठी (पहिल्या नमुना-उपकरणासाठी) १० लाखांपर्यंत, आणि २०२१ साली सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंडात कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंतची तरतूद ठेवली होती. हे पैसे मागण्यासाठी प्रस्ताव लिहिणारा, कारखान्यात जाऊन पाण्याचे नमुने आणणारा आणि करारातले बारीक अक्षर वाचणारा माणूस मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी सापडत नाही. प्राध्यापकांवर तास, परीक्षा, नॅकच्या (महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या) फायली आणि निवडणुकीचे काम असताना त्यांच्याकडूनच हेही करवून घ्यायचे, असा आपला रिवाज आहे.

पेटंटच्या बाबतीत तर ही उणीव फारच महागात पडते. भारतीय कायद्यात शोध आधी जाहीर झाला तर नावीन्य संपते. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासारख्या मोजक्या प्रसंगांना १२ महिन्यांची सवलत आहे, पण जर्नलमध्ये आपण होऊन छापलेल्या निबंधाला सर्वसाधारणपणे ती नाही. आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो: आधी निबंध, मग शोधगंगेवर प्रबंध, मग पदोन्नतीच्या वेळी पेटंटची आठवण. वास्तविक प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज आधी दाखल केला तर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात, आणि २०२१ च्या नियमबदलानंतर शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सूट असल्याने ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. मसुदा लिहिणाऱ्या एजंटाची फी वेगळी आणि बरीच जास्त असते, हे खरे. तरीही प्रबंध सादर होण्याच्या महिनाभर आधी ‘यात राखून ठेवण्यासारखे काही आहे का’ एवढे विचारणारा कोणी असता, तर अनेक शोध फुकट गेले नसते.

सरकारी पैसा आणि खासगी नफा हा आपला आक्षेप गंभीर आहे. अमेरिकेने १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी निधीतून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना ठेवू दिली. त्याच धर्तीवरचे विधेयक आपल्याकडे २००८ साली राज्यसभेत मांडले गेले, त्यावर आपल्यासारख्यांनीच टीका केली आणि २०१४ मध्ये ते मागे घेतले गेले. त्या विधेयकाला झालेला विरोध मला बऱ्याच अंशी रास्त वाटतो. मात्र त्यावरून संशोधन कोणाला देऊच नये असा निष्कर्ष निघत नाही. कोणत्या अटींवर द्यायचे, हा प्रश्न निघतो. रोटाव्हायरसची लस पाहा. ११६ई हा विषाणू दिल्लीच्या एम्समधील नवजात बाळांमध्ये १९८० च्या दशकात सापडला, त्यावर सरकारी आणि परदेशी संस्थांनी मिळून काम केले, भारत बायोटेकने लस बनवली, ती साधारण १ डॉलर प्रति डोस या दराने देण्याची तयारी कंपनीने आधीच जाहीर केली, आणि २०१६ मध्ये ती सरकारी लसीकरणात आली. नफा झाला असेल. अतिसाराने दगावणाऱ्या बाळांच्या देशात तो मला खुपत नाही. मात्र शोध आणि लस यांच्यामध्ये सुमारे ३० वर्षे गेली, हेही ध्यानात ठेवावे, कारण आपल्याकडे १८ महिन्यांत निकाल मागितला जातो.

प्रत्येक संशोधनाची कंपनी व्हावी, असेही माझे म्हणणे नाही. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने ‘सोलापूर लाल’ हा लोह आणि जस्त जास्त असलेला वाण दिला. आपल्या पेटंट कायद्यात वनस्पतीला पेटंट मिळत नाही. नव्या वाणांसाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे. अशा वाणाचा खरा रस्ता मातृवृक्ष, खात्रीची रोपवाटिका आणि बागायतदाराच्या शेतातला प्रयोग असा आहे. तिथे स्टार्टअपची पाटी लावून काही साधणार नाही. तेल्या या डाळिंबावरील जिवाणूजन्य रोगाचा डाग पानावर लवकर ओळखणारे उपकरण कोणी बनवले तर गोष्ट वेगळी, कारण त्याला दुरुस्ती, सुटे भाग आणि दर हंगामाला सुधारणा लागतील, आणि ते काम विभागाला झेपणारे नाही. माझा अंदाज असा की दहातल्या सात-आठ शोधांना लायसन्स (शोध वापरण्याचा परवाना) किंवा साधा सल्ला करार पुरेसा आहे.

हे पुण्या-मुंबईचे काम आहे, असे आपण जाता जाता म्हटले आहे. पुण्यात एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर हे इनक्युबेशन सेंटर आहे आणि तिथल्या सुविधा आपल्याला लागल्यास जरूर वापराव्यात. पण टॉवेलचे रंगीत पाणी आणि तेल्या पडलेली बाग पुण्यात नाही. पहिला गिऱ्हाईक तासाभराच्या अंतरावर असणे, ही सोलापूरची जमेची बाजू आहे.

मग विद्यापीठाने नेमके काय करायचे, असे आपण शेवटी विचारले आहे. माझ्या मते पूर्ण वेळची दोन माणसे नेमावीत, त्यांतला एक कारखान्यात काम केलेला असावा. आठ-दहा डाईंग हाऊसशी नमुने आणि चाचणी यांपुरता लेखी करार करावा. आणि चाचणी फसली तरी अहवाल स्वीकारला जाईल असा छोटा निधी ठेवावा. केंद्राच्या २०१९ च्या धोरणाने प्राध्यापकांना स्वतःची कंपनी काढायची मुभा दिली आहे आणि संस्थेचा हिस्सा २ ते ९.५ टक्के असावा असे सुचवले आहे, त्यामुळे परवानगीची सबब फारशी उरलेली नाही.

अडचण प्राध्यापकांना मिळणाऱ्या गुणांची आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत राष्ट्रीय पेटंटला ७ आणि आंतरराष्ट्रीय पेटंटला १० गुण आहेत. ते पेटंट कोणी वापरले का, हे विचारणारा रकाना त्यात नाही. परिणामी पेटंट मिळते, गुण पडतात आणि तिसऱ्या वर्षापासून लागणारे नूतनीकरण शुल्क कोणी भरत नाही, म्हणून ते रद्द होते. ही नियमावली सोलापुरात बदलता येणार नाही, पण विद्यापीठाच्या स्वतःच्या पुरस्कारांत आणि अंतर्गत निधीवाटपात लायसन्स झालेल्या, किंवा कारखान्यात प्रामाणिकपणे तपासून नापास ठरलेल्या शोधाला वजन देणे अधिसभेच्या (विद्यापीठाच्या सिनेटच्या) हाती आहे. आपण अधिसभेच्या बैठकांचे वृत्तान्त नेमाने वाचता, असे प्रतिक्रियेवरून दिसते. हा विषय तिथे कोणी मांडावा, याबद्दल आपले मत अवश्य कळवावे.