"विष बाहेर पडतंय, २१ दिवस सहन करा" म्हणे!

माझ्या मावसभावाने सिगारेट सोडून वेप धरलं, म्हणजे बॅटरीवर लिक्विड तापवून ओढायची ई-सिगारेट. थोड्याच दिवसांत घसा सोलवटल्यासारखा, ओठांभोवती लाल खाजरी पुरळ, सकाळी मळमळ. डॉक्टरकडे जा म्हटलं, तर त्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, हे नॉर्मल आहे, वाच." वाचलं. तोच मेसेज पुढे सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन धडकला, म्हणून उत्तर इथे लिहितेय.

मेसेजमधले दावे असे: वेप सुरू केल्यावर घसा दुखणं, खोकला, पुरळ, मळमळ म्हणजे शरीर वर्षानुवर्षांचं विष बाहेर टाकतंय, २१ दिवस सहन करा. लिक्विडमध्ये फक्त पाण्याची वाफ, ग्लिसरीन आणि खाण्याचा फ्लेवर असतो. दम्याच्या पंपातही हेच असतं. इंग्लंडचे डॉक्टर वेप ९५ टक्के सुरक्षित मानतात. तरीही त्रास झालाच, तर लिक्विडमध्ये निलगिरी तेलाचे दोन थेंब टाका.

आधी ते विष. शरीर नको ते बाहेर टाकतं यकृत आणि मूत्रपिंडांमार्फत. वर्षानुवर्षांचं विष नेमकं ओठांभोवतीच्या कातडीतून, तेही वेपचं टोक लागतं तिथूनच कसं बाहेर पडेल?

यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. सिगारेट सोडल्याचाही त्रास होतो. श्वासनलिकेतले कफ वर ढकलणारे बारीक तंतू पुन्हा कामाला लागतात, त्यामुळे काही जणांचा खोकला आधी वाढतो. पहिल्या दोन आठवड्यांत बऱ्याच जणांचं तोंड येतं. चिडचिड होते, पोट साफ होत नाही, झोप उडते. झोपेमागे तर एक भलतंच कारणही असतं. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन भराभर संपवतं. धूर थांबला की तेवढाच चहा-कॉफी जास्त चढते आणि छातीत धडधडतं. दम्यासाठी थिओफिलीनच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीतही असंच होतं: डोस तोच, पण रक्तातलं औषध वाढतं. म्हणून सिगारेट सोडली की ते डॉक्टरांना सांगायचं असतं.

पण हे सगळं सिगारेट सोडल्याने होतं, वेपमधून काय आत जातं त्याच्याशी याचा संबंध नाही. दोन्हींतला फरक बराचसा ओळखता येतो. सोडल्याचा त्रास सहसा दोन-चार आठवड्यांत ओसरत जातो, पफ घेतला काय न घेतला काय. लिक्विडचा त्रास पफबरोबर वाढतो आणि वेप दोन-तीन दिवस बाजूला ठेवलं की उतरायला लागतो. मळमळ, डोकं गरगरणं, धडधड हे पफनंतर लगेच होत असेल तर निकोटीन जास्त होतंय. इंग्लंडमध्ये मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन विकता येत नाही. आपल्याकडे चोरून मिळणाऱ्या डिस्पोजेबल, म्हणजे वापरून फेकायच्या वेपवर ५ टक्के छापलेलं असतं, म्हणजे साधारण ५० मिलिग्रॅम. तेही छापलेलं खरं असेल तर.

अंदाजाने बोलत नाही. २०१९ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या पीटर हायेक यांच्या गटाने ८८६ जणांवर केलेली चाचणी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आली. सिगारेट सोडायला आलेल्यांपैकी निम्म्यांना वेप दिलं, निम्म्यांना निकोटीनचे गम, पट्ट्या वगैरे. विष बाहेर पडायचं असेल तर ते दोन्हीकडे सारखंच होतं. तरी घसा किंवा तोंड चुरचुरण्याची तक्रार वेपवाल्यांत ६५.३ टक्के आणि दुसऱ्या गटात ५१.२ टक्के. हा वरचा फरक हातात दिलेल्या वस्तूचा आहे. मळमळ मात्र दुसऱ्या गटात जास्त होती, आणि खोकला-कफ वेपवाल्यांत अधिक कमी झाला. वर्षभराने सिगारेटपासून दूर राहिलेले वेप गटात १८ टक्के निघाले, दुसऱ्या गटात ९.९. वेपच्या बाजूचं आहे म्हणून हे लपवणार नाही. पण त्या १८ टक्क्यांतले ८० टक्के लोक वर्षानंतरही वेप ओढतच होते, हे फॉरवर्डवाले कधी सांगत नाहीत.

आता पुरळ. लिक्विडचा मोठा भाग असतो प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. दोन्ही पाणी ओढून घेतात, म्हणून तोंड-घसा कोरडा पडतो. त्याशिवाय प्रोपिलीन ग्लायकॉलची काहींना खरीखुरी अ‍ॅलर्जी असते. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१८ साली त्याला 'वर्षाचा अ‍ॅलर्जन' ठरवलं होतं. क्रीम, शाम्पू, औषधं, सगळीकडे ते असतं. माझ्या या भावाचं डोकं मागे केस उगवायच्या मिनॉक्सिडिल लोशनने खाजून लाल झालं होतं, आणि त्या प्रकारच्या कितीतरी लोशनांत हेच रसायन असतं. त्याला तेच झालंय असं मी म्हणत नाही, ते त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करून, म्हणजे संशयित पदार्थ कातडीला चिकटवून बघून, ठरवतील. मात्र अ‍ॅलर्जी असेल, तर तीच वस्तू रोज ओठांना लावून २१ दिवसांत बरी होत नाही, चिघळते. जास्त ग्लिसरीनवालं लिक्विड घेऊन काहींना बरं वाटतं. काहींना मग त्याचाच चिकट कफ होतो.

निलगिरी तेलाचा सल्ला ज्याने लिहिला त्याला हात जोडते. तेल फुप्फुसात ओढायचं नसतं, त्याने तेलाचा न्यूमोनिया होऊ शकतो. अमेरिकेत २०१९ मध्ये वेपमुळे फुप्फुसांना गंभीर इजा होण्याची लाट आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यांत ६८ मृत्यू. तपासलेल्या ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुप्फुसातल्या द्रवात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट सापडलं, म्हणजे एक तेलकट पदार्थच. हे बहुतेक वेपमध्ये बसवायच्या गांजाच्या अर्काच्या काडतुसांमुळे (कार्ट्रिजमुळे) झालं, साध्या निकोटीन लिक्विडमुळे नव्हे, हेही खरं. मग साध्या लिक्विडमध्ये आपण होऊन तेल कशाला घालायचं?

"खाण्याचं आहे, मग ओढलं तर काय": वरण-भात पौष्टिक असतो, तो श्वासनलिकेत गेला की काय होतं ते ठसका लागलेल्याला विचारा. फ्लेवर बनवणाऱ्यांची अमेरिकन संघटनासुद्धा सांगते की आपली मान्यता खाण्यापुरती आहे. आणि ग्लिसरीनच्या शुद्धतेचा भरवसा मुंबईकरांना तरी देऊ नका. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं आणि १४ रुग्ण गेले. लेंटिन चौकशी आयोग त्यासाठीच बसला होता. ते तर सरकारी खरेदीचं होतं, टपरीमागून येणाऱ्या बाटलीला कोण तपासतंय?

पाण्याची वाफ? नाही, रसायनांचे बारीक थेंब असतात ते. दम्याचा पंप? नेहमीच्या पंपात औषध ढकलणारा एचएफए वायू असतो, नाहीतर कोरडी पावडर. ९५ टक्के? तो २०१५ साली इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेने पुढे केलेला अंदाज होता, सिगारेटच्या तुलनेत, आणि जिथे लिक्विडमधल्या घटकांची नोंद सरकारकडे करावी लागते तिथला. सिगारेट त्याहून वाईट, यावर माझा वाद नाही.

धाप लागणं, छातीत दुखणं, ताप, शिट्टीसारखा श्वास, ओठ किंवा चेहरा सुजणं, यातलं काहीही असेल तर दिवस मोजत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि तिथे वेपबद्दल स्पष्ट सांगा. आपल्याकडे वेपवर बंदी आहे म्हणून पोरं "सिगारेट सोडली" एवढंच बोलतात आणि डॉक्टर खोकल्याचं औषध देऊन मोकळे होतात. बंदीच्या २०१९ च्या कायद्यात शिक्षा आहे ती उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात यांना. स्वतः ओढणाऱ्यासाठी त्यात शिक्षेचं कलम नाही, आणि डॉक्टर काही पोलीस नव्हेत. तलफ आवरायला २ मिलिग्रॅमचा निकोटीन गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, आणि तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी क्विटलाइन १८००-११-२३५६ वर फोन फुकट लागतो.