रात्रपाळी आणि वीज मंडळातले नाना

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा जाहीर झालं की मी जपानमध्ये सिक्युरिटीत आहे. ‘पोरगा रात्रपाळीला पडद्यांसमोर बसून पहारा देतो. हातून काही होण्यासारखं नाही, पण जागा मात्र राहतो.’ खाली नमस्कारांची रांग आणि आत्याचा शेरा : ‘कुठलंही काम हलकं नसतं.’ आईने फोन करून हळूच विचारलं, युनिफॉर्म असतो का रे?

बातमीदार म्हणजे नाना. आईच्या मावसबहिणीचे दीर, वीज मंडळातून निवृत्त. टूरबरोबर जपानला आले होते. बाकीची मंडळी बसमध्ये बसून फुजी पर्वत बघायला गेली, तेव्हा हे नानींना घेऊन टोकियोतल्या अकिहाबाराहून पाऊण तासाची गाडी पकडून त्सुकुबात, मी भौतिकशास्त्राचं संशोधन करतो त्या प्रयोगशाळेत, थडकले. एका हातात मेतकुटाची पुडी, दुसऱ्या हातात छत्री. “चल, मशीन दाखव.”

मशीन दाखवणं हीच तर पंचाईत. सुपरकेईकेबी हा प्रवेगक, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र, हे जमिनीखालचं तीन किलोमीटर घेराचं कडं. बीम, म्हणजे कणांचा झोत, चालू असताना तिथे कोणी जात नाही. एकीकडून इलेक्ट्रॉन येतात, दुसरीकडून त्यांचे उलट भाराचे प्रतिकण पॉझिट्रॉन, आणि बेल-टू नावाच्या डिटेक्टरच्या पोटात त्यांची टक्कर होते. तो डिटेक्टरही काँक्रीटच्या भिंतीआड. पाहुण्याला दिसतात ते पडदे, आलेख आणि खुर्चीत बसलेला मी. परवानगी काढून दोघांना थोडा वेळ कंट्रोल रूममध्ये आणलं. माझी संध्याकाळची पाळी नुकतीच सुरू झाली होती.

“इलेक्ट्रॉन ७ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा, पॉझिट्रॉन ४ चा,” मी सुरुवात केली.

“व्होल्ट म्हणालास ना?” नानांनी चष्मा वर सरकवला. “गिगा म्हणजे?”

“अब्ज.”

“७ अब्ज व्होल्ट! आमच्याकडे ४०० केव्हीच्या लायनीखाली माणूस छत्री उघडत नव्हता. सबस्टेशन कुठाय?”

मी सांगितलं की तेवढा दाब एका जागी नसतोच, लांब सरळ नळीत कणाला थोडं थोडं रेटत तिथवर नेतात. नानांचा चेहरा पडला.

“बरं, पण ७ आणि ४ का? लोड बॅलन्स नको?”

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. परिषदांमधूनही इतका नेमका प्रश्न कोणी विचारत नाही. टक्करीत बी मेसॉन नावाच्या अल्पायुषी कणांची जोडी जन्मते, प्रत्येकाच्या पोटात एकेक जड बॉटम क्वार्क किंवा त्याचा प्रतिकण. आयुष्य दीड पिकोसेकंद (पिको म्हणजे एक लाख कोटीवा भाग). दोन्ही बीम सारख्या ऊर्जेचे असते तर ही जोडी जन्मल्या जागीच जवळजवळ स्थिर राहून विघटन पावली असती, आणि कोण आधी गेला, कोण मागाहून, हे कळायला मार्गच उरला नसता. ऊर्जा विषम ठेवली की जोडी एका दिशेला वाहत जाते. साधारण ०.१३ मिलिमीटर. तेवढ्या अंतरावर द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्यातला भेद मोजता येतो. या भेदाबद्दल कोबायाशी आणि मास्कावा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये कागदावर मांडलेली गोष्ट इथल्या आधीच्या बेल प्रयोगाने आणि कॅलिफोर्नियातल्या बाबारने अशीच पडताळली, आणि २००८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

“म्हणजे मुद्दाम अनबॅलन्स ठेवता,” नाना म्हणाले. “आम्हाला मेमो मिळाला असता.”

मग त्यांना एका पडद्यावर ‘भाभा’ दिसलं. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन एकमेकांवर आपटून तसेच उडाले तर त्याला भाभा विकीरण म्हणतात. होमी भाभांनी केंब्रिजमध्ये असताना १९३०च्या दशकात त्याचं गणित मांडलं. इथे टकरी किती झाल्या हे ठरवायला त्याच घटना मोजतात. नाना ताठ झाले. नानींना हाक मारली, पडद्यासमोर उभं करून फोटो काढला. “आपले भाभा! जपानमध्ये!” माझ्याकडेही पहिल्यांदाच आदराने पाहिलं. मग विचारलं, “हे सगळं साठवून ठेवता ना?”

“नाही, भाभा फार येतात. मोजण्यापुरते ठेवतो, बाकीचे टाकून देतो.”

“भाभांना टाकून देता?”

ट्रिगर, प्रीस्केल, डिस्कची किंमत, सगळं समजावून पाहिलं. उपयोग शून्य. तेवढ्यात अलार्म वाजला आणि बीम गेला. हा इथला जुना आजार : सेकंदाला सुमारे १ लाख फेऱ्या मारणारा बीम कधीकधी एक-दोन फेऱ्यांत अचानक कोसळतो.

“फ्यूज,” नाना म्हणाले.

“फ्यूज नाही, नाना.”

“मग काय?”

मी यादीनुसार नोंद केली, प्रवेगकाच्या लोकांशी बोललो आणि पुन्हा बसलो. नाना माझ्या हातांकडे बघत होते. “तू काही केलं नाहीस?”

“बीम पुन्हा भरेपर्यंत वाट बघायची असते.”

माझा हुद्दा बहुधा तिथेच ठरला.

राग नानांचा येत नाही. राग येतो तो याचा की त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. माझा विषय म्हणजे बी मेसॉनचं असं विघटन, ज्यात केऑन नावाचा एक हलका कण दिसतो आणि न्यूट्रिनो नावाचे दोन कण काहीही मागे न ठेवता निघून जातात. स्टँडर्ड मॉडेलनुसार, म्हणजे कणांच्या आजच्या मान्य सिद्धांतानुसार, हे १० लाखांत पाच-सहा वेळा घडावं. २०२३ मध्ये आमच्या प्रयोगाने त्याचा पहिला पुरावा मांडला तेव्हा आकडा अपेक्षेपेक्षा बराच जास्त निघाला, पण २.७ सिग्मा जास्त (सिग्मा हे निव्वळ योगायोग किती संभवतो ते सांगणारं माप), म्हणजे पेढे वाटण्याइतका नाही. अशा वेळी आणखी डेटा हवा असतो. डेटा हवा तर बीम हवा. उन्हाळ्यात वीज महाग म्हणून यंत्र बंद, बाकीच्या वेळी बीम स्वतःच्या मर्जीने बंद.

आणि जो डेटा मिळतो त्याच्याकडे बघायची मला परवानगी नाही. पूर्वग्रह नको म्हणून सिग्नलची जागा झाकलेली असते. आधी सिम्युलेशनवर सगळं सिद्ध करा, मग समिती म्हणेल तेव्हा पेटी उघडा. समितीचं ताजं म्हणणं असं की आलेख क्रमांक सहामधली अक्षरं लहान आहेत. शेवटी पेपर निघेल तेव्हा लेखक शेकडो, आडनावांच्या वर्णक्रमाने. माझं आडनाव ‘व’वरून. नोकरीचा करार मात्र आडनाव न बघता संपतो.

या शास्त्रात फुकट काही जात नाही असं मोठी मंडळी सांगतात. हा तीन किलोमीटरचा बोगदा ट्रिस्टन या आधीच्या प्रवेगकासाठी खणला होता, टॉप क्वार्क हा सर्वांत जड क्वार्क शोधायला. यंत्र ६४ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत पोचलं. क्वार्क निघाला १७३ चा, आणि १९९५ मध्ये सापडला तो अमेरिकेत. मग त्याच बोगद्यात आमची मेसॉनची फॅक्टरी बसवली. बोगद्याचं भलं झालं. त्या शोधात तरुणपण घालवलेल्यांचं काय झालं, हे मोठी मंडळी सांगत नाहीत.

जेवणाची सुट्टी झाल्यावर दोघांना बसथांब्यावर सोडायला गेलो. इतका वेळ नानी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. वाटेत एका पाटीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हे काय?”

कड्याच्या चार बाजूंना चार हॉल आहेत : त्सुकुबा, ओहो, निक्को आणि फुजी. मी उत्साहाने सांगितलं, “नानी, हा फुजी!”

नानींनी त्या पत्र्याच्या इमारतीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. नानांनी घाईघाईने विचारलं, “हा तुझा मेसॉन एकदा पक्का सापडला, की वीज स्वस्त होईल का?”

“नाही, नाना.”

बस आली. नानी आधी चढल्या आणि एकट्याच्या सीटवर जाऊन बसल्या.